केहिंदे उठत नाही

गुरुवारी सकाळी दहा वाजता दोतुन अकिनलोयेने केहिंदेला अकराव्यांदा उठवून पाहिलं, आणि केहिंदे अकराव्यांदा उठला नाही. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली, झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाच्या पापणीसारखी.

केहिंदे हा हाडामासाचा माणूस नव्हे. ओके-इतुनु तंत्रनिकेतनाच्या संगणक खोलीत लोखंडाचं खरं यंत्र एकच होतं, पण त्याच्या पोटात दोन मानलेली मशिनं राहत. मानलेला भाऊ असतो ना, तशी मानलेली. व्हर्च्युअल. दिसायची नाहीत, पण कामाला वाघ. दोन्ही एकाच दिवशी जन्मली म्हणून तेव्हाचे संगणकप्रमुख बाबा ओजेडिरान यांनी त्यांना जुळ्यांची नावं ठेवली, तायवो आणि केहिंदे. इबादान शहरात जुळ्यांसाठी नाव शोधत बसायची पद्धतच नाही. पोटातून आधी येतो तो तायवो, मागून येतो तो केहिंदे. भर बाजारात "केहिंदे!" अशी हाक मारा, निदान चाळीस माणसं आणि एक बकरी वळून बघते.

शनिवारी पदवीदान होतं. सहाशे बारा मुलांच्या नावांची यादी केहिंदेच्या पोटात होती आणि ती न्यायला छापखान्याचा माणूस आजच चार वाजता येणार होता. छापील यादीत नाव नसेल तर व्यासपीठावरून नाव पुकारत नाहीत. पुकारलं नाही तर आईला नाचता येत नाही. सहाशे बारा घरांनी सगळ्या गोतावळ्याला एकाच कापडाचे कपडे शिवले होते. ती माणसं न नाचता परत गेली तर कॉलेजची एक वीट जागेवर राहिली नसती. बॅकअप होता की! पण तोही केहिंदेच्याच पोटात.

"ओगा, जरा बाबांना विचारा ना," कार्यालयातली इया इबेजी तिसऱ्यांदा म्हणाली. साहेबाला ती ओगा म्हणे. तिचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तिला जुळी झाली त्या दिवसापासून ती सगळ्यांची इया इबेजी, म्हणजे जुळ्यांची आई. "नाहीतर मला तरी सांगा, अडलंय कुठे?"

"तांत्रिक बाब आहे," दोतुन म्हणाला. हे वाक्य तो दिवसातून वीसदा म्हणत असे. आज त्याची चव कडू लागली.

बाबांना विचारायचं तर कुठल्या तोंडाने? वडिलांच्या नोकरीपायी दोतुन दूर पोर्ट हार्कोर्टला वाढला होता. इथली योरुबा भाषा बोलायचा तो दाराच्या फटीतून आत डोकावल्यासारखा, आणि रीतिरिवाजांचं म्हणाल तर तेवढंही नाही. तीन महिन्यांपूर्वी बाबांचा निरोप समारंभ झाला आणि त्यांची जागा दोतुनला मिळाली. बाबा दोन्ही हातांत हाताने लिहिलेली एक वही घेऊन त्याच्यापुढे आले. बावीस वर्षांची विद्या त्या वहीत होती. अशा वेळी तरुण माणसाने वडीलधाऱ्यापुढे जमिनीवर पालथं पडायचं, सरळ साष्टांग, आणि त्यांचा हात पाठीवर पडेपर्यंत उठायचं नाही. दोतुनने काय करावं? उजवा हात पुढे केला. शेकहँडला! वर म्हणाला, "कागदाचा जमाना गेला, बाबा."

सभागृहात असा सन्नाटा पसरला की ताटातल्या भातातून वर जाणारी वाफसुद्धा अर्ध्यात थांबली. बाबांनी त्या हाताकडे पाहिलं, दोन बोटांनी तो धरला आणि सोडला. वही टेबलावर ठेवली आणि गेले. दोतुनने ती पिण्याच्या पाण्याच्या यंत्राखाली सरकवली. यंत्राचा एक पाय आखूड होता, आणि वही बरोबर त्या मापाची निघाली.

आज त्याने ती ओढून काढली. यंत्र लगेच कलंडायला लागलं. "अहो, अहो!" करत इया इबेजीने हाताला येईल ते पायाखाली कोंबलं. तीन महिने ठिबकलेलं पाणी वहीच्या पानापानांत मुरलं होतं. शेवटच्या पानावर मात्र दोन ओळी वाचता आल्या : "मोठ्याला आधी उठवावे. तो उठला की धाकट्याला. उलट केल्यास..." आणि पुढे निळी शाई आभाळासारखी पसरलेली.

"मोठा तो तायवो," दोतुन मनाशी म्हणाला. "आधी जन्मला तो मोठा. मग सकाळपासून मी काय वेगळं करतोय?" आणि त्याने बाराव्यांदा तायवोला आधी उठवलं. तायवो उठला आणि ढिम्म बसून राहिला. केहिंदे उठला नाही.

आता मात्र त्याने बाबांच्या घरी फोन लावला. बाबांच्या बायकोने उचलला. मागे मिरच्या दळायची गिरणी घरघरत होती.

"आई, मी दोतुन, कॉलेजातून. बाबा आहेत?"

"शेतावर गेलेत. का रे?"

"आई, केहिंदे उठत नाहीये."

गिरणी थांबली.

"काय म्हणालास?"

"सकाळपासून उठत नाही. सगळं करून बघितलं. पहाटे जुनं काढून नवीन बसवलं, तेव्हापासून हे असं."

"काय काढलं? कुणी काढलं?"

"मीच. तसं मोठं काही नव्हतं आई, वीस मिनिटांचं काम."

"आणि तायवो? तायवो कुठाय?"

"तो उठलाय, पण बोलत नाही. नुसता केहिंदेची वाट बघत बसलाय."

पलीकडून एक किंकाळी आली आणि फोन बंद पडला. 'केवढी माया या माउलीला मशिनांची,' असं वाटून दोतुनला भरून आलं.

बाबांना जुळे मुलगे आहेत हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. दोतुन सोडून. निरोप समारंभाला दोघेही आले होते. दोतुनने एकाशी शेकहँड केला होता आणि दुसरा पुढे आल्यावर "आपण मघाशीच भेटलो" म्हणून त्याला परत पाठवलं होतं.

साडेबाराला आवारात दोन व्हॅन शिरल्या. प्रत्येक व्हॅन चौदा माणसांची. दोन्हींतून मिळून त्रेचाळीस उतरली. पुढे बाबांची बायको, डोक्याचं फडकं एका कानावर आलेलं, मागे मावश्या, आत्या, शेजारणी, आणि सर्वांत शेवटी पांढऱ्या झग्यातले अनवाणी पाद्री, एका हातात घंटा, दुसऱ्या हातात मंतरलेल्या पाण्याची बाटली.

"कुठाय माझा केहिंदे?"

"आत आहे, आई," दोतुन अदबीने म्हणाला. "थंड खोलीत."

आई जागच्या जागी खाली बसली. मावश्यांनी जो टाहो फोडला त्याने समोरच्या बँकेतले लोक रांग सोडून बाहेर आले. पाद्री मात्र धीराचे. ते थेट संगणक खोलीत घुसले, लोखंडी कपाट पाहिलं आणि हळहळले. "एवढ्याशा पेटीत कोंबला रे पोराला!" त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

इया इबेजीने झेप घेऊन त्यांचा हात धरला. "पाणी नको! एक थेंब पडला तर सहाशे बारा पोरं जातील!"

बाहेर एवढंच ऐकू गेलं. सहाशे बारा पोरं! टाहो दुप्पट झाला. बँकेच्या रांगेतल्या दोन बायका, ज्यांचा कुणाशी काही संबंध नव्हता, त्याही रडायला लागल्या.

त्या गोंधळात एक टॅक्सी करकचून थांबली आणि एक धिप्पाड तरुण धावत आला. अर्ध्या जेवणातून उठला असावा, बोटांना अजून भेंडीचं सार लागलेलं होतं.

"काय झालं? कोण गेलं?"

"तू!" आत्याने छाती बडवत सांगितलं. मग तिने वर पाहिलं आणि त्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली. "मेल्या, आम्हाला रडवतोस आणि स्वतः जेवत बसतोस?"

आईने केहिंदेला कवटाळलं. त्याच्या खांद्यावरून तिने दोतुनकडे नुसतं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 'कुठल्या तरी एका दिवशी, कुणाचं तरी नाव तरी नीट विचारायला हवं होतं,' असं दोतुनला त्या क्षणी वाटलं.

अडीच वाजता बाबा आले. पायात शेताचे गमबूट, गुडघ्यापर्यंत लाल माती. त्यांनी गर्दी पाहिली, धडधाकट मुलगा पाहिला, आणि अर्ध्या मिनिटात सगळं ओळखलं. आत येऊन ते खुर्चीवर बसले.

"आधी कुणाला उठवलंस?"

"मोठ्याला, बाबा. तुम्ही लिहिलं होतं तसंच. तायवोला."

बाबांनी मान वळवून हाक मारली. "इया इबेजी, तुझ्या जुळ्यांत मोठा कोण?"

"केहिंदे. आणखी कोण?" ती दारातूनच म्हणाली. "तो आत बसून तायवोला हुकूम सोडतो, जा, पुढे होऊन जग कसं आहे ते बघून ये. धाकट्यालाच धाडतात ना पुढे? मोठा मागून सावकाश येतो. हे तर शाळेतलं पोरही सांगेल, ओगा. मी सकाळपासून म्हणतेय, अडलंय कुठे ते सांगा."

"दोघांत मिळून ताट एकच आहे, डिस्क म्हणतात ती," बाबा म्हणाले. "तू धाकट्याला आधी बसवलंस. तो म्हणतो, मोठा आल्याशिवाय जेवणार नाही. मोठा दारात उभा, म्हणतो, ताट मोकळं झाल्याशिवाय आत येणार नाही. इतकी वर्षं हा क्रम मी यंत्रातच लिहून ठेवला होता. तुझ्या अपग्रेडने तो पुसला. कधीतरी पुसला जाईल म्हणूनच वहीत लिहिला होता."

त्यांनी तायवोला निजवलं, केहिंदेला हाक दिली, मग तायवोला. तीन मिनिटं लागली. छपाईयंत्र खोकलं आणि पहिलं पान बाहेर आलं. बाहेर मावश्यांना कुणीतरी सहाशे बारा पोरं वाचल्याचं सांगितलं असावं, कारण त्या नाचू लागल्या.

"वही कुठाय?" बाबांनी विचारलं.

दोतुनने दोन्ही हातांनी ती पुढे केली. बाबांनी पानं उलटायचा प्रयत्न केला. ती एकमेकांना चिकटली होती. खिशातून रुमाल काढून त्यांनी एकेक पान टिपायला सुरुवात केली.

तेव्हा दोतुन खाली पडला. पूर्ण पालथा, नाक फरशीला, जसं तीन महिन्यांपूर्वी पडायला हवं होतं तसा. "चुकलो, बाबा," तो फरशीला म्हणाला. फरशी गार होती. नाकासमोर पाण्याच्या यंत्राचा आखूड पाय होता आणि त्याखाली इया इबेजीने कोंबलेली वस्तू. त्याचं अपग्रेडच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. चौकटीसकट. त्यावर एक थेंब पडला, मग आणखी एक.

पाठीवर हात पडायची तो वाट बघत राहिला. वर नुसता पानं टिपल्याचा आवाज येत होता. वही जाड होती.

पावणेचारला फोन वाजला. इया इबेजीने उचलला.

"हो, प्राचार्यबाई. केहिंदे उठला. हो हो, तायवोही उठला. यादी तयार आहे." तिने फरशीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाही, त्यांना आत्ता फोन देता येणार नाही. ओगा अजून उठलेले नाहीत."