प्रत्येकी आठ दाणे

नवरीच्या मावशीने आणलेल्या पाच किलो अक्षता विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ठेवून घेतल्या, तेव्हा लग्नाला दोन दिवस उरले होते. नवरी राहत होती त्या देशात कच्चं धान्य आणायला बंदी होती. मावशी बसआगारात वाहतूक नियंत्रक म्हणून बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेली. घरातली सोळा लग्नं तिने मिनिटाला मिनिट जुळवून लावली होती. त्या अधिकाऱ्यालाही तिने बरंच ऐकवलं, पण त्याला मराठी येत नव्हती.

नवरी म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदूळ आणू. मावशीला ते पटेना. विकतचे तांदूळ आणायचे तर पाहुण्यांचा आशीर्वाद कुठला? प्रत्येकाने आपापल्या घरातले मूठभर तांदूळ आणावेत, आपण कुंकू लावू, असं तिने ठरवून टाकलं. नवरीने तसा निरोप दीडशे पाहुण्यांना धाडला. त्यांत तिच्या प्रयोगशाळेतले सहकारी होते, शेजारी होते, नवरदेवाकडची मंडळी होती. आठ-नऊ देशांतली माणसं, आणि मराठी कळणारी जेमतेम वीस.

रविवारी सकाळी दहाला पहिलं जोडपं हॉलवर आलं ते हातात झाकलेलं पातेलं घेऊन. मावशीने झाकण उचललं. आत वाफाळता पांढरा भात. आहेर असेल म्हणून तिने तो बाजूच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्याने पिवळा भात आणला, तिसऱ्याने नारळ घातलेला. मग काळा, लाल, दुधातला, पानांत गुंडाळलेला. प्रयोगशाळेतला एक काटेकोर गृहस्थ तर खरोखरच मूठभर भात आणून उभा राहिला, त्यावर त्याच्या बोटांचे ठसेही होते. साडेदहापर्यंत एकाची चार टेबलं झाली.

मावशी नवरीच्या खोलीत शिरली. नवरीने बाहेर डोकावून कपाळाला हात लावला.

"मावशी, इकडच्या भाषेत तांदूळ आणि भात, दोन्हीला एकच शब्द आहे गं."

"एकच? मग शिजलाय की नाही, हे कळतं कसं यांना?"

मुहूर्त अकरा सातचा होता. रविवारची दुकानं दुपारी उघडत. पाकळ्या टाकाव्यात तर फुलं दोन हारांतच संपली होती, बाकीची सजावट कागदाची. भटजी आठवडाभर विमा कंपनीत काम करत आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं लावत. शिजलेला भात चालेल का, असं मावशीने चाचरत विचारलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "शिजलेला भात कुठे वाहतात, ते आज नको बोलायला."

तोवर हा भात वधूवरांवर टाकायचा असतो, ही बातमी पाहुण्यांत पसरली होती. त्यामुळे नवरदेवाचे वडील आपल्या भातातले मसुराचे दाणे निमूटपणे वेचून काढत बसले होते. लागू नयेत म्हणून.

शेवटी नवरीच्या बाबांनी माईकवरून झाला घोटाळा सांगितला आणि कुणाकडे कच्चे तांदूळ आहेत का, असं विचारलं. मग तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीचा चेहरा लालबुंद झाला. ती नवरीच्या वरच्या मजल्यावर राहणारी, आयुष्यभर कपडे शिवलेली बाई. तिने पर्समधून बटणांची डबी काढली. तिची शेगडी चार दिवस बंद होती. बरणीच्या तळाशी उरले होते तेवढे तांदूळ तिने आणले होते, पण सगळ्यांची पातेली बघून ते बाहेर काढायला तिला लाज वाटली होती.

डबीत फार तर दोन-तीन मोठे चमचे तांदूळ असतील. मावशीने त्यांना कुंकू लावलं. मंगलाष्टकं आठ, तेव्हा प्रत्येकी आठ दाणे, असं सांगून तिने डबी पहिल्या रांगेत दिली. तिसऱ्या रांगेतच संपणार, ही तिची खात्री. पण डबी दीडशे माणसांतून फिरून परत आली तेव्हा तळाला अजून दाणे होते. नववा दाणा कुणीच उचलला नव्हता. मावशीने मुकाट्याने आपले आठ घेतले.

अंतरपाट धरला गेला. आपल्याकडे "सावधान" म्हणेपर्यंत निम्म्या लोकांचा डोळा पंगतीकडे असतो, हे सोळा लग्नांत तिने पाहिलं होतं. इथे मात्र एकेका "सावधान"ला दीडशे हात उठत आणि प्रत्येकातून एकच दाणा सुटत होता. दारासारखा रुंद एक रुग्णवाहिकेचा चालक एक डोळा मिटून नेम धरत होता. वारा लागू नये म्हणून कुणी पंखे बंद केले होते. दाणे पडल्याचा बारीकसा आवाज ऐकू येत होता. असा आवाज असतो, हे मावशीला साठ वर्षांत माहीत नव्हतं. ती बघतच राहिली.

मग सगळे भातावर तुटून पडले. म्हातारीला बाबांनी मधोमध बसवलं, आणि तिच्या ताटात नऊ देशांचे भात आले. तेवढ्यात मावशीला घरून काकांचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला.

"अक्षता मिळाल्या का?"

"मिळाल्या. प्रत्येकी आठ."

"आठ मुठी?"

"आठ दाणे."

"पुरल्या?"

"उरल्या," मावशी म्हणाली.

"बरं झालं. तू टाकल्यास ना नीट?"

मावशीने मूठ उघडली. घामाने तळहाताला चिकटलेले दाणे तिने मोजले. आठ होते.

"ठेवते हं," ती म्हणाली, आणि तोंडात घास असलेल्या नवरीकडे धावली.