बाहुलीला मागणी

नाटक रंगलं तर सुहैरबाईंना अंगण मिळणार होतं. करक गावाच्या उतारावर त्यांची बालवाडी. खोली एक, मुलं सत्तावीस. खिडकीपलीकडे अबू गालिबांची मोकळी जागा, आणि तिथे चार शेळ्या सत्तावीस मुलांपेक्षा ऐसपैस राहत. बाईंनी चार वर्षं ती जागा सकाळपुरती मागितली, अबू गालिब चार वर्षं "बघू" म्हणाले. या वर्षी बाईंनी त्यांनाच प्रमुख पाहुणे केलं.

त्यालाही कारण होतं. वरपक्षाची वडीलधारी मंडळी मागणी घालायला निघाली की पुढे कायम अबू गालिब. पाहुण्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवायचा, मुलीच्या बापानं 'कॉफी घ्या', म्हणजे हो, म्हटल्याशिवाय ओठाला लावायचा नाही. एकतीस मागण्या, एकतीस होकार. गार कॉफी मागे ठेवून ते एकदाही उठले नव्हते. आपलीच करामत मुलांनी करून दाखवली की म्हातारा विरघळेल, असा बाईंचा हिशेब.

बाईंची नाटक शिकवायची रीत सोपी. गल्लीत पाहिलं ते वर्गात करायचं. "पाठ करू नका रे," त्या सांगायच्या, "त्या माणसासारखे वागा."

गुरुवारी पालकांनी खोली भरली. पाच वर्षांचा कैस आजोबांचा अंगरखा फरफटत पुढे आला, मागे सात वडीलधारे, त्यातल्या दोघांना दात नव्हते, आणि सगळ्यात शेवटी नवरा झालेला मुलगा. समोर वधूपिता रीमास, काजळाच्या मिशा लावून, मांडीवर नवरी म्हणून तिची स्वतःची बाहुली. कैसनं पेला खाली ठेवला.

"तुमची मुलगी आमच्या घरात द्या."

"नाही देत," रीमास म्हणाली.

"रीमास, 'कॉफी घ्या' म्हण!" बाई पडद्याआडून कुजबुजल्या.

"बाहुली माझी आहे. नवरा तिला चिखलात लोळवतो, मी पाहिलंय. तुम्हीच म्हणालात ना, बापासारखं वाग?"

आठही वडीलधारे ढिम्म. पिईनात, उठेनात. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"आटपा की, पोरांचा खेळ आहे," कुणी तरी म्हणालं.

"खेळ कसला? कॉफी गार झाली!" कैसची आजी कडाडली. "आपल्या गल्लीत मागणी परत जाणार? तीही यांच्यासमोर?"

सगळ्या माना अबू गालिबांकडे वळल्या. त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला, गुडघे वाजवत कैसच्या शेजारी बसकण मारली आणि पाहुणा म्हणून मिळालेला आपलाही पेला खाली ठेवला.

"बोला यजमान. काय अडलंय?"

"मुलगी राहणार कुठं?"

"आमच्याकडं. घर मोठं आहे."

"अंगण?"

"आहे."

"कुठलं?" रीमासनं खिडकीकडे बोट केलं. तिथून एक शेळी आत बघत होती. "ते का? मग ते द्या. सगळ्यांच्या देखत बोला."

अबू गालिबांनी पडद्याकडे मान वळवली. "बाई, हे तुम्ही पढवलंत?"

"अल्लाशप्पथ, नाही!" बाई म्हणाल्या. थांबवायला मात्र त्या पुढे आल्या नाहीत.

"मग ही पोर माझ्याच धंद्यातली दिसते." ते पुन्हा यजमानांकडे वळले. "सकाळपुरतं देतो. बारापर्यंत."

"तीन."

"एक."

"कॉफी गार आहे, आजोबा."

"दोन! आणि आता घासाघीस बंद."

"घ्या कॉफी," रीमास म्हणाली.

बायकांनी आनंदाचे चीत्कार केले. अबू गालिबांनी गार कडू कॉफी एका घोटात संपवली आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "बत्तीस." नवऱ्यानं बाहुलीकडे हात नेला, तर रीमासनं ती पाठीमागे घेतली. "लग्न तिची शाळा संपल्यावर."

शनिवारी शेळ्या वरच्या गोठ्यात गेल्या, रविवारी अंगणात झोका आला. आणि सोमवारी सकाळी आठला अबू गालिब आले. शेळ्या नाहीत, तर सकाळी करायचं काय? तेव्हापासून मुलांचं गल्लीवरचं कुठलंही नाटक असो, वडीलधाऱ्याच्या जागी ते आधीच बसलेले असतात. त्यांच्याच अंगणात त्यांना ऊठ म्हणणार कोण?

एकूण जमाखर्च असा: बाईंना अंगण मिळालं, रीमासकडे बाहुली राहिली, अबू गालिबांची जागा दोनपर्यंत गेली पण बत्तिसावा होकार आला. किंमत मोजली ती कैसनं. ऐन पाचव्या वर्षी त्याची वडीलकी गेली. हल्ली तो वरातीच्या गाडीचा हॉर्न होतो, आणि तोही, अबू गालिबांच्या मते, जरा हळूच वाजतो.