तीन फवारे, दोन मिनिटं गप्प

"पुढच्या आठवड्यात रेडिओ लावशील तेव्हा जरा सावरून बस," बुवाने सोमवारी सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं. "कारण त्यातून मी येणार आहे!"

घोषणा ऐतिहासिक होती. फक्त ती कोणाला कळली नाही. बुवाच्या घशातून जो आवाज निघाला तो एखादं जुनं कपाट भिंतीपासून ओढावं तसा होता.

"काय सरकवतोयस?" आतून बायकोने विचारलं. "थांब, मी येते. एकट्याने ओढू नकोस, कंबर धरेल."

बुवा म्हटलं की डोळ्यांपुढे भरघोस मिश्या, खांद्यावर शाल आणि मागे चार शिष्य असं काहीतरी येतं. हा बुवा एकतीस वर्षांचा होता. मिशी त्याने दोनदा ठेवून पाहिली होती आणि दोन्ही वेळा लोकांनी "ओठाला काय लागलंय?" म्हणून विचारलं होतं. बुवा हे नाव आठवीत पडलं, ते चिकटलं. आता तो एका गाण्याच्या क्लासमध्ये दिवसाला सहा तुकड्या शिकवायचा. एका तुकडीत वीस मुलं. वीस मुलं म्हणजे वीस वेगवेगळे 'सा', आणि त्या सगळ्यांना एका जागी आणायला बुवाला स्वतःचा 'सा' मध्ये घालावा लागे, भांडण सोडवायला माणूस मध्ये पडतो तसा. मार अर्थातच मध्ये पडणाऱ्याला बसे. संध्याकाळी तो एका हॉटेलात गायचा. तिथे लोक जेवायला येत. फर्माईश झालीच तर ती "जरा हळू" एवढीच.

बायको कपडे धुण्याच्या मशीनच्या कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायची. रोज आठ तास! आठ तास लोकांचा संताप ऐकून घरी आल्यावरही तिचा आवाज असा, जणू आत्ताच धुऊन, पिळून, वाळत घातलाय. बुवाला याचा थोडा रागच यायचा. पण रागावण्यासाठीसुद्धा घसा लागतो.

आणि दादा होता. बुवाचा थोरला भाऊ. त्याचं नळांचं आणि पाइपांचं दुकान होतं, आणि बुवाने त्यात बसावं ही त्याची सहा वर्षांची इच्छा.

"अरे, नळ गळायला लागला तर लोक आपल्याला बोलावतात तरी," दादा म्हणायचा. "तुझं गाणं ऐकून लोक बिल मागवतात!"

गेल्या महिन्यात भर जेवणात बुवाने पैज लावली होती. या महिनाअखेरपर्यंत त्याचा आवाज रेडिओवर आला, तर दादा पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. नाही आला, तर एक तारखेला सकाळी नऊ वाजता दुकानाचं शटर बुवाने वर करायचं, आणि मग जन्मभर करत राहायचं. दादाने लगेच हात पुढे केला. दादाचा हात म्हणजे पाइप आवळायचा पाना. बुवाची बोटं तीन दिवस दुखत होती.

म्हणून तर तो फोन आला तेव्हा बुवा खुर्चीवर उभा राहिला होता! थकलेल्या आवाजाच्या गायकांसाठी औषधी वनस्पतींचा फवारा बनवणारी एक कंपनी. त्यांना जाहिरातीसाठी गळा हवा होता. बुवाने वर्षभरापूर्वी चहूकडे पाठवलेलं नमुन्याचं गाणं त्यांच्या हाती लागलं होतं. ते गाणं म्हणजे बुवाच्या आयुष्यातला सर्वोत्तम दिवस. क्लासला आठ दिवसांची सुट्टी, रोज दहा तास झोप, मध, गरम पाणी, आणि मग आरशासारख्या लख्ख गळ्याने एका दमात केलेलं रेकॉर्डिंग.

"असाच आवाज आम्ही महिनाभर शोधतोय!" फोनवरची बाई म्हणाली होती. "गुरुवारी अकरा वाजता या. पुढच्या आठवड्यात रेडिओवर!"

पाठोपाठ बारा बाटल्यांचं खोकं आलं. प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं होतं: तोंड उघडावे, जीभ बाहेर काढावी, तीन फवारे मारावेत, नंतर दोन मिनिटे बोलू नये. दिवसातून तीन वेळा.

बुवाने आठ वेळा सुरू केलं. चव अशी, की पुदिन्याचं आणि ज्येष्ठमधाचं छान जमलेलं असताना आल्याने मध्येच येऊन वाद घातलाय. पण चवीचा त्रास नव्हता. त्रास त्या दोन मिनिटांचा होता. दिवसभर माणसाला कोणी काही विचारत नाही. तो गप्प बसला की जगाला त्याचं मत हवं असतं!

मंगळवारी बुवा जीभ आत घेतो न घेतो तोच बायको समोर आली.

"आई पुढच्या आठवड्यात येतेय. महिनाभर राहील. तुझी काही हरकत?"

बुवाने डोळे मोठे केले. हात हलवले. घशाकडे बोट दाखवलं, मग घड्याळाकडे, मग पुन्हा घशाकडे.

"गळा दाटून आला?" बायको म्हणाली. "मला वाटलंच नव्हतं तुला एवढं बरं वाटेल. सांगते तिला!"

दोन मिनिटं संपली तेव्हा सासूबाईंचं तिकीट निघालेलं होतं.

बुधवारी क्लासमध्ये त्याने फळ्यावर 'सा' लिहिला आणि छडीने दाखवत राहिला. मुलं तासभर शांतपणे फळ्याकडे बघत बसली. सहा वर्षांतला तो सगळ्यात सुरेल तास होता.

पण औषध लागू पडलं, हे मान्य करायला हवं. गुरुवारी सकाळी बुवाने आरशासमोर उभं राहून 'सा' लावला आणि स्वतःच दचकला. आवाज मोकळा होता! बायको दारात येऊन उभी राहिली, थोडा वेळ ऐकत.

"आज कपाट सरकवलं नाहीस," ती म्हणाली.

सहा वर्षांच्या संसारात बुवाच्या गाण्याला मिळालेली ही सर्वोच्च दाद. तो हवेतच स्टुडिओत पोचला.

स्टुडिओ तळघरात होता. जाड पडदे, जुन्या गालिच्याचा वास, कागदी कपांत थंड झालेला चहा. जाहिरात बसवणाऱ्या बाई केसांत पेन्सिल खोचून बसल्या होत्या. कंपनीचे साहेब इस्त्रीच्या शर्टात घाम पुसत होते. काचेमागचा रेकॉर्डिंगवाला कानांवर हेडफोन चढवून, जगात ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही अशा चेहऱ्याने बसला होता. बुवाने दारातच तीन फवारे मारून घेतले होते, त्यामुळे नमस्कार त्याने मानेनेच केला.

"बघा," बाई साहेबांना हळूच म्हणाल्या, "आत्तापासून भूमिकेत शिरलेत!"

कसली भूमिका? बुवाने आतल्या खोलीत जाऊन माइकसमोरच्या स्टँडवरचा कागद वाचला.

पहिला आवाज (औषधाआधी): थकलेला, खचलेला, आयुष्याला कंटाळलेला. खाली बुवाचं नाव.

दुसरा आवाज (औषधानंतर): तेजस्वी, ताजातवाना. खाली भलत्याच कोणाचं तरी नाव. आणि कंसात 'काल झालं'.

बुवाने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. पुन्हा सुलटा केला. तो 'आधी'च होता.

इथे दुसरा कोणी असता तर तडक घरी गेला असता. बुवाही दोन पावलं गेला. पण डोळ्यांपुढे दुकानाचं शटर आलं. जाहिरातीत 'आधी' का असेना, रेडिओ तो रेडिओच! अडचण वेगळीच होती. यांना हवाय खचलेला आवाज, आणि बुवाने तर तो यांच्याच औषधाने चार दिवसांत धुऊन चकचकीत केलेला! आता तोंड उघडलं की आतून तेज बाहेर पडणार आणि काम हातचं जाणार.

"वीस मिनिटं द्या," दोन मिनिटं संपताच तो कुजबुजला. "जरा... तयारी करतो."

"कलाकार आहे हो!" बाई साहेबांना म्हणाल्या.

बुवा जिना चढून इमारतीच्या मागे गेला, जिथे गाड्या लावतात तिथे, आणि आवाज बसवायला लागला. आधी नुसतं ओरडला. मग बेचा पाढा ओरडला. मग एकोणतीसचा. पहारेकरी धावत आला.

"काय झालं? काही हरवलं का?"

"नाही! आवाज बसवतोय!"

"लोक बसलेला सोडवायला येतात इथे," पहारेकरी म्हणाला, आणि कंपनीने सकाळीच वाटलेली नमुन्याची बाटली त्याने खिशातून काढून बुवाच्या 'आ' केलेल्या तोंडात तीनदा मारली. "आता दोन मिनिटं गप्प राहा. तसं लिहिलंय."

दोन मिनिटं गेली. गळा पुन्हा लख्ख!

बुवाने शेवटचा उपाय म्हणून दादाला फोन लावला. पाइप कापायच्या मशीनशेजारी वीस वर्षं काढल्यामुळे दादाशी साधं बोलायचं तरी बोंब मारावी लागे.

"दादा! नळ चांगला की गाणं?"

"काय?"

"नळ! चांगला! की गाणं!"

"कोणता नळ? अर्धा इंची की पाऊण?"

दहा मिनिटांत काम झालं. बुवाचा घसा असा फाटला की फोन ठेवताना "बरं" हा शब्दसुद्धा तीन तुकड्यांत बाहेर आला. वर दादाने पाऊण इंची नळ बांधून ठेवले ते वेगळंच.

बुवा विजयी मुद्रेने माइकसमोर उभा राहिला. ओळ अशी होती: 'सूर माझा वाटेत दमला, कुठे टेकू मी, सांगा मला.' त्याने ती गायली. काचेमागे रेकॉर्डिंगवाल्याने हेडफोन काढून कान चोळले.

"कट!" साहेब म्हणाले. "हे काय? दार अडकलंय का कुठे?"

"थकलेला आवाज," बुवा खरखरला.

"अहो, हा थकलेला नाही, हा जखमी आहे! याला फवारा कशाला, टाके घालावे लागतील!"

"ओढूनताणून वाटतंय," बाई म्हणाल्या. "तुमच्या त्या नमुन्याच्या गाण्यात काय सहज आलंय! तो हताशपणा, ते सगळं संपल्यासारखं वाटणं... तसं द्या ना!"

बुवा गप्प झाला. या वेळी फवारा न मारता. ते गाणं! आठ दिवसांची सुट्टी, मध, दहा तास झोप. त्या गाण्यातला कोणता हताशपणा?

त्यानंतर तेरा वेळा गाऊन झालं. त्याने खोकून पाहिलं, भिंतीला टेकून पाहिलं, खाली बसून पाहिलं. चौदाव्या वेळी रेकॉर्डिंगवाला कोणाकडेही न बघता म्हणाला, "'आधी'च्या यादीतल्या दुसऱ्या नंबरवरच्या माणसाला फोन लावू का?"

झालं. एक तारीख, सकाळी नऊ, शटर. बुवाला एकदम फार दमल्यासारखं झालं, आणि त्या दमण्यातूनच तो ताठ झाला. काम गेलं तर गेलं! पण जाता जाता या लोकांना एकदा तरी कळू दे, 'नंतर' म्हणजे काय असतं!

त्याने बाटली काढली. तीन फवारे. दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहिला. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि तीच ओळ गायली. पूर्ण मोकळ्या गळ्याने, जीव ओतून, सहा तुकड्या, ते हॉटेल, तो पाना, सगळं विसरून. आयुष्यात तो इतकं चांगलं फक्त एकदाच गायला होता.

शेवटचा सूर विरला. बाईंनी केसांतली पेन्सिल काढून हातात धरली होती. साहेबांचे डोळे पाणावले होते. बुवाची मान अभिमानाने वर झाली.

"हाच!" साहेब ओरडले. "हाच तो थकवा!"

"अगदी नमुन्यातल्यासारखा!" बाई नाक पुसत म्हणाल्या. "ऐकूनच अंग गळून गेलं हो!"

रेकॉर्डिंगवाल्याने पहिल्यांदाच बुवाकडे नीट पाहिलं. "घरी सगळं ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

बुवाने उत्तर देण्याऐवजी सवयीने तीन फवारे मारून घेतले. तेवढ्यात साहेब आत येऊन त्याचा हात धरून म्हणाले, "आमची सर्दीची गोळी येतेय, खोकल्याचं औषध, अशक्तपणाचं टॉनिक, सांधेदुखीचं तेल. सगळ्यांचे 'आधी' तुम्हीच करायचे! कायमचे! काही हरकत?"

बुवाने डोळे मोठे केले. हात हलवले. घशाकडे बोट दाखवलं.

"गळा दाटून आलाय त्यांचा," बाई म्हणाल्या. "कागद आणा."

पुढच्या बुधवारी जाहिरात लागली. घरी बायको आणि नुकत्याच आलेल्या सासूबाई सावरून बसल्या होत्या. जाहिरात संपल्यावर सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. मग उठल्या आणि त्यांनी बुवासाठी मऊ भात टाकला.

दहा मिनिटांत दादाचा फोन आला. बुवाने तो कानापासून हातभर लांब धरला.

"ऐकली रे!" दादा ओरडला. "पहिल्या शब्दाला ओळखलं तुला! हरलो मी. दुकानाचं नाव पुन्हा नाही काढणार. आणि तूही इकडे फार फिरकू नकोस, गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हळहळायला लागलीयेत."

बुवाला सहा वर्षांत प्रथमच जिंकल्यासारखं वाटलं. "कसं वाटलं गाणं?" त्याने विचारलं. ओरडून, पण लख्ख, मोकळ्या आवाजात.

"झकास! एकदम ओरिजिनल!" दादा म्हणाला. "पण मला एक सांग. औषध घेतल्यावर गातो तो कोण रे? त्याचा क्लास कुठे असतो?"

बुवाने बाटली उचलली. तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली आणि तीन फवारे मारले.

आता दोन मिनिटं तरी त्याला काही सांगावं लागणार नव्हतं.