आप्पांच्या लॅपटॉपमधले दोन लॉट

एका लॅपटॉपमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे रॅम बसवावेत काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आमचे शेजारी रामदासआप्पा कळले.

आप्पा मूळचे शिरपूरचे. सुरतेकडच्या भेस्तानच्या एका साडी कारखान्यात त्यांनी आयुष्यभर कापड तपासले. दोन लॉटचे सूत एकाच ताण्यात गेले, की रंगवल्यावर कापडात पट्टा उमटतो. आप्पांना तो रंगवण्यापूर्वीच, कोऱ्या कापडावरून नुसता तळहात फिरवून कळे. हे मी समक्ष पाहिले आहे. उलगडा अद्याप झालेला नाही.

निवृत्तीनंतर ही दृष्टी मोकाट सुटली. माझ्या सदऱ्याकडे पाहून ते भर जिन्यात ओरडत, "गुरुजी, तिसरी गुंडी दुसरा लॉटनी शे!" आणि ती खरोखरच तशी असे.

त्यांचा जुना लॅपटॉप काही मिनिटांत गोठे. रॅम वाढवणे हा उपाय होता. मूळ कंपनीचा रॅम मिळेना, म्हणून मी दुसऱ्या कंपनीचा आणला. आप्पांनी जुना आणि नवा असे दोन्ही हिरवे तुकडे उजेडात धरले.

"हाऊ हिरवा येगळा शे. नही चालाव."

मी फळ्यापाशी उभा असल्यासारखा समजावू लागलो: पिढी एकच हवी, व्होल्टेज एकच हवे, वेग कमीजास्त असला तर दोन्ही सहसा धीम्याच्या चालीने चालतात.

"पट्टा पडी, गुरुजी."

"कशात? हे काय कापड आहे?"

आप्पा खाली पाहत म्हणाले, "तिना आवाजमा."

आप्पांच्या पत्नी, सुमनवहिनी, दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची अहिराणी लग्नगीते आप्पांनी याच लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित केली होती. वहिनी लाजत, म्हणून लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून आप्पा बाहेरच्या खोलीत बसत. आता तिसऱ्या गाण्यापाशी सारे अडके. वहिनी असताना ते कधी लावलेच नव्हते, म्हणून पुढचे त्यांनी ऐकलेले नव्हते. पेनड्राइव्हवर नक्कल करू म्हटले, तर उत्तर तयार: "नक्कल म्हणजे दुसरा लॉट."

मी शब्द बदलले. "आप्पा, आवाज डिस्कमध्ये, म्हणजे कपाटात असतो. रॅम हे कापडाचा ताका उलगडायचे टेबल. दोन टेबले जोडली म्हणून कापडाला काय होते?"

"टेबल?" त्यांनी विचार केला. "मंग बसाडा."

रॅम बसवला. लॅपटॉपने दोन्ही ओळखले. आप्पा डोळे मिटून ऐकू लागले. तिसरे गाणे अडखळले नाही, संपले. मग भांड्याचा आवाज आला, आणि वहिनी मोठ्याने म्हणाल्या, "अहो, चहा थंडा व्हई ऱ्हायना!"

"उनू, उनू," अशी ओ देत आप्पा उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

मी मान वळवून लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत राहिलो.

तेव्हा माझे उत्तर असे: बसवावेत. मात्र वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. आपल्या रॅमची पिढी आणि व्होल्टेज कृपया स्वतः तपासून पाहावे.