बापूंचा मोडीचा वर्ग

आमच्या शेजारचे बापू रोज शाळेला निघतात आणि स्वतःच्याच घरी पोचतात. बरोबर साडेतीनला कडक इस्त्रीचा शर्ट घालून, वही काखेत मारून ते पुढच्या दाराने बाहेर पडतात, घराला वळसा घालतात आणि मागच्या दाराने पडवीत येतात. तिथे पोह्यांच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा असतो.

"चालल्याबिगर शाळा कसली रं?" हे त्यांचं, कारण विचारलं की ठरलेलं उत्तर.

बापू लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. काकू गेल्या, मुलगी नांदायला लांब, घर रिकामं. मग त्यांनी मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग धरला. शिकवणाऱ्या मॅडम सांगलीच्या, नातीच्या वयाच्या. बाकी सगळ्यांचे कॅमेरे बंद. बापू मात्र मॅडम दिसल्या की खाडकन उभे राहणार. त्यामुळे मॅडमना रोज पहिलं दर्शन व्हायचं ते बापूंच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाचं.

गाडी अडली ती वळणांपाशी. मोडीत लेखणी न उचलता सरसर लिहायचं असतं. बापूंची अक्षरं परेडला उभी केल्यासारखी ताठ.

"आजोबा, हात सैल सोडा."

"सैल म्हंजे किती, मॅडम?"

मॅडमनी हात फिरवून दाखवला, तेवढ्यात रेंज गेली आणि त्यांचा हात हवेतच थिजला. बापूही पाच मिनिटं तसाच हात धरून बसले.

दोन महिने हेच. "मोबाईलमदनं सैलपणा येत न्हाई गड्या," असं ते माझ्यापाशी कुरकुरायचे. मग एका सकाळी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. माझ्या जिवाला दिवसभर घोर. संध्याकाळी बापू एसटीतून उतरले.

"आवं बापू, सांगून तरी जायचं! कुठं होता?"

"सांगलीला. मॅडमच्या घरी."

त्यांनी वही उघडली. शेवटची ओळ ओढ्याच्या पाण्यासारखी वाहत गेलेली.

"जमलं की!"

"मॅडमनी शेजारी बसून माझा हात धरला अन् गिरवून घेतलं. मंग कळलं, सैल म्हंजे किती." बापूंनी बोट वरच्या ओळीवर नेलं. "पयल्याच ओळीला जमलं हुतं खरं तर. पुढच्या चार ओळी मी मुद्दाम चुकलो."

"का हो?"

बापू वहीवरून बोट फिरवत राहिले.

"तुझी काकू गेल्यापासनं कुनी हात धरलाच न्हवता रं."