कंपाउंडर अप्पाचे सात पेशंट

आमच्या शेजारचे अप्पा रोपाला सलाईन लावतात. खिळ्याला बाटली टांगलेली, तिची नळी खाली, नळीच्या टोकाला चहाच्या प्लास्टिकच्या कपात बोटभर रोप, आन् अप्पा मनगटावरच्या घड्याळाकडं बघत थेंब मोजून राह्यलेले. पयल्यांदा बघितलं तवा मला वाटलं, मोतीबिंदू वाढला माझा. पदरानं डोळे पुसले, परत बघितलं. तेच होतं.

"अप्पा, ह्ये काय वो?"

"घाबरू नका अक्का. सुधारना हाय."

आता ह्यात मी कामून घाबरू? पन अप्पाचं बोलनंच तसं. भिंत पडली, सुधारना हाय. यष्टी आली न्हाई, सुधारना हाय. गिरनीचा पट्टा तुटला तवा गिरनीवाला कपाळाला हात लावून बसला होता. अप्पा गेले, तुटल्या पट्ट्याला चिकटपट्टी गुंडाळली, म्हनले, "दोन दिवस आराम द्या, तेलकट बंद." गिरनीवाला नुसता बघत राह्यला. गिरनीला तेलकट बंद म्हंजी काय करावं मानसानं?

नाव मन्मथअप्पा. कपाळाला इभूत, गळ्यात शिवलिंग, आन् सदऱ्याच्या खिशात थर्मामीटर. उभा जलम कंधारला एका डाक्टरच्या हाताखाली कंपाउंडर होते. डाक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं, आन् अप्पा बायकू घिऊन गावाकडं आले, रेनापूरच्या अलीकडं. पन हाताची सवय काय जात न्हाई. समोरून "शरणार्थी" म्हनून नमस्कार करत येतेत आन् बोलता बोलता मनगट धरतेत. आपल्याला वाटतं पिरेमानं धरलं. ते नाडी बघून राह्यलेले असतेत. एकदा माझ्या शेळीला धरलं. शेळीची नाडी कुठं असती मला म्हाईत न्हाई, त्येन्ला बी न्हाई. चारी पाय धरून बघितले आन् म्हनले, "अक्का, हिच्या जिवाला कसला तरी घोर हाय."

त्या दिशी मी कुडाजवळ बसले आन् त्येंचा दवाखाना नीट बघितला. सात कप, वळीनं. दर कपात एक रोप. एक पिवळं, दोन माना टाकलेले, एकाच्या देठाला काडेपेटीची काडी लावून कापूस गुंडाळलेला. वर महानंदाक्काचं हिरवं लुगडं बांधलेलं, सावलीला. सलाईनची नळी एकच, म्हनून ती नंबरानं फिरायची. ह्येला पाच मिनिटं, मंग त्येला. सामान म्हनावं तर कापसाचा अर्धा पुडा, एक कातर, चुलीतली राख, आन् माझ्याकडून नेलेलं वाटीभर ताक. तेवढ्यावर चाललं होतं सगळं.

"कशाची हायत?"

"अंबाडी. हिनं ठिवली होती."

ही म्हंजी त्येंची बायकू, महानंदाक्का. गेल्या चैतात गेली. लातूरच्या दवाखान्यात होती वीस-बावीस दिवस. शाळा तिनं बी बघितली न्हाई, मी बी न्हाई, म्हनून आमचं जमायचं. तिच्या हातची अंबाडीची भाजी, वरून लसनाचं तेल, आन् जवारीची भाकर. आजारी मानूस उठून बसावं अशी. अप्पा सांगायला लागले, "बियाची सगळी बाटली पेरली. सातच उगवले. त्येंचं बी खरं न्हाई. बी संपलं, अक्का. हे गेले की संपलं."

तवा मला कळलं, हे येड न्हाई.

मी रोपं बघितली. मानूस कितीबी अडानी असू द्या, चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात खुरपन केल्यावर रोपाचं दुखनं कळतं. कपात बोट घातलं. बोट चिखलात गेलं.

"अप्पा, तहानेनं न्हाई मरून राह्यले. पान्यानं मरून राह्यले. कपाला भोकच न्हाई. सलाईन काढा."

अप्पाचं तोंड असं झालं की मीच त्येंची नळी काढली. "डाक्टर म्हनायचे, अशक्तपना आला की सलाईन."

"डाक्टर मानसाचे होते."

घरातून दाभन आनलं, चुलीत तापवलं, कपाच्या बुडाला भोकं पाडली. अप्पा बाजूला कातर धरून उभे. "आपरेशन," म्हनले हळूच. वरची कुजलेली माती काढली, राख मिसळलेली कोरडी माती घातली, लुगडं जरा सरकवून सकाळचं कवळं ऊन येऊ दिलं. आठ दिसांनी माना उचलल्या. अप्पा कुडावरून दिसातून चारदा वरडायचे, "अक्का, सुधारना हाय!" आन् त्या बारीला खरंच होती.

हे बोलनं मी पयल्यांदा कुठं ऐकलं, सांगते. माझं मालक गेल्यावर मी पोटासाठी कंधारकडं खडी फोडायला गेले होते. लेक होती दोन वर्षाची, कडेवर. तिला ताप आला. गावाकडचा मानूस म्हनून ह्येंच्याच दवाखान्यात नेलं. दोन दिस अप्पा तिच्या कपाळावर पट्ट्या बदलत होते. मी इचारलं की म्हनायचे, "सुधारना हाय, घाबरू नका, तुम्ही भाकर खा." मी खाल्ली. तिसऱ्या दिशी लेक गेली. खोटं बोलले होते ते. पन त्या दोन दिसात मी भाकर खाल्ली, आन् म्हनून पुढं तिला पदरात घिऊन मसनवट्यापोतर चालत जाता आलं. मी त्येन्ला कधी काय म्हनले न्हाई.

आसो. रोपं वाढली, आन् घोळ झाला.

पानाला बोटं फुटली. तीन, मंग पाच. अंबाडीला बी फुटतेत, म्हनून मी गप. पन बोटं लई बारीक, कडंला करवतीसारखे दाते. आन् वास. सकाळी कुडाजवळून जाताना कसला तरी उग्र वास यायचा. अंबाडीला वास कुठला? मी म्हनलं, राखेचा असंल. ताकाचा असंल. माझं नाक म्हातारं झालं असंल.

गल्लीत बोलाचाली सुरू झाली. शाळंतल्या गुर्जीनं झाडाचं नाव वळखायला पानावर मोबाईल धरला. मोबाईल पयल्यांदा म्हनला झेंडू. परत धरला, म्हनला भेंडी. तिसऱ्यांदा गुर्जीच्या अंगठ्याचा फोटू निघाला, त्येला म्हनला रताळं. मंग भजनातले शंकरतात्या आले. वाकून वास घेतला, डोळे मिटले, म्हनले, "वास तर वळखीचा हाय."

"तुमच्या कसा वळखीचा?" मागून त्येंची बायकू.

तात्या वाकलेलेच माघारी फिरले.

शेवटी गनपत आला. गनपत म्हंजी माझ्या बहिनीचं लेकरू, गावचा पोलीस पाटील. कपासमोर उकिडवा बसला, टोपी काढली, परत घातली.

"मावशी, हे काय हाय?"

"अंबाडी म्हनतेत अप्पा."

"आन् तू?"

"मला कळंना गेलंय."

"मला बी कळंना गेलंय. पाच बोटं म्हंजी गांजा. पन गांजा असता तर ह्येन्नी दारात, लुगड्याखाली, सलाईन लावून ठिवला असता का?" डोकं खाजवलं त्येनं. "हे बगा अप्पा. गांजा असला तर मला ठान्याला कळवावं लागंल. अंबाडी असली तर मला एक जुडी द्या. सोमवारच्या बाजारापोतर ठरवा काय हाय ते."

"आजारातनं उठलेले हायत," अप्पा म्हनले. "आत्ताच त्येन्ला हलवू नका."

गनपत गेला. अप्पा कपासमोर हात पसरून बसले, कोंबडी पिलावर बसती तसे. कुनी लांबून बघितलं तरी म्हनायचे, "भेटायची येळ संपली." त्येन्ला गांजाचं भ्याव नव्हतं. रोपं जातील ह्येचं होतं. मला भ्याव अप्पाचंच. ह्या वयात ठान्यात नेलं तर ते तिथल्या जमादाराची नाडी धरतील.

आयतवारी मी म्हनलं, "अप्पा, एक उपाव हाय. अंबाडी आंबट असती. पान चावून बघू."

"पेशंटाचा कान तोडता काय?"

"बारकं टोक."

त्येन्नी तोंड फिरवलं. मी सगळ्यात मोठ्या रोपाचं टोक नखानं तोडलं, जिभेवर ठिवलं, चावलं, थुकलं. कच्चं, कडवट. आंबट कायच न्हाई.

"अप्पा, आंबट न्हाई."

"आजारातनं उठलंय की. तोंडाला चव न्हाई त्येच्या."

"तोंड माझं हाय, अप्पा."

त्येन्नी तुटल्या पानाला कापूस लावला. मी म्हनलं, "बी कोन्त्या बाटलीतलं? दावा मला."

आत गेले, लोखंडी पेटी वढत आनली. उघडली. आत दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्या, इंजेक्शनच्या बारक्या, औषधाच्या मोठ्या, चाळीस तरी असतील. अप्पा आनायचे, महानंदाक्का धुवून त्यात बी भरून ठिवायची. अप्पान्नी एक मोठी बाटली काढली. "ही. टॉनिकचं लेबल हाय. म्हनलं टॉनिक म्हंजी भाजीचंच असनार."

मी बाटली हातात घेतली. गळ्याला काळा दोरा होता.

"अप्पा, महानंदाक्काला लेबल वाचता येत होतं का?"

"न्हाई."

"मंग ती कशावरून वळखायची?"

अप्पान्नी पेटीत वाकून बघितलं. चाळीस बाटल्या, दर बाटलीच्या गळ्याला एक दोरा. पांढरा, पिवळा, हिरवा. अख्खा संसार एका घरात झाला, आन् त्या मानसानं कधी दोरा बघितला नव्हता. लेबल दिसलं, लेबल वाचलं. मला ठाव होतं, कारन मला बी वाचता येत न्हाई. पांढरा दोरा दोडका. पिवळा झेंडू. अंबाडीचं देठ तांबडं, म्हनून अंबाडीला लाल. आन् काळा? एका शिवरात्रीला दारावर बैरागी आला होता. महानंदाक्कानं भाकर वाढली, त्येनं झोळीतलं कसलं तरी बी तिच्या पदरात घातलं. तिनं मला दावलं होतं. म्हनली, "सोजरे, हे पेरायचं न्हाई. पन महादेवाच्या नावानं दिलेलं, टाकू कसं?" बाटलीत भरून काळा दोरा बांधला आन् पेटीच्या बुडाला ठिवली.

सगळं सांगितलं. अप्पा लई वेळ बाटलीचा दोरा बोटानं फिरवत बसले.

"तिला इचारायचं होतं की वो, दवाखान्यात," मी म्हनलं. "कोन्ती बाटली म्हनून."

"ती म्हनली होती. 'अंबाडी पेरा, भाजी खावीशी वाटून राह्यली.' " अप्पा खाली बघूनच बोलले. "मी म्हनलं, सुधारना हाय, घरी गेल्यावर तूच पेर. कोन्ती बाटली इचारलं असतं, अक्का, तर तिला कळलं असतं."

कुडाजवळची शेळी वरडली, तिला पाला टाकायला उठले.

सोमवारी गनपत यायच्या आधी अप्पान्नीच रोपं उपटली. मी उपटते म्हनलं, तर न्हाई. एकेकाच्या देठाची काडी सोडली, कापूस काढला, मुळाची माती झाडली. सात बारी म्हनले, "डिस्चार्ज." गनपतनं सोताच्या समोर चुलीत घालायला लावली, बी राह्यलेलं न्हाई ना बघायला बाटली बी पालथी केली, आन् जाताना मला म्हनला, "मावशी, ते काय होतं?" मी म्हनलं, "आता न्हाई, एवढं धर." तो डोकं खाजवत गेला. शंकरतात्या तवढे चूल इजेपोतर कुडाजवळ उभे होते. त्येंची बायकू त्येन्ला दंडाला धरून घिऊन गेली.

लाल दोऱ्याची बाटली पेटीतच होती, सगळ्यात बारकी, इंजेक्शनची. चिमूटभर बी. मी अप्पाच्या न्हानीच्या कडंला, जमिनीत, सरळ पेरलं. कप न्हाई, कापूस न्हाई. पाचव्या दिशी वर आलं. तांबडं देठ, रुंद पान, धडधाकट.

अप्पाला करमंना. सकाळी येऊन बघायचे, इकडून बघायचे, तिकडून बघायचे.

"अक्का, ह्येन्ला काय झालंच न्हाई?"

"न्हाई झालं."

"काय द्यायचं का?"

"कायच न्हाई. बसा जवळ."

मंग ते बसायचे. थर्मामीटर खिशात, हात मांडीवर. महिनाभरानं पान खुडायसारखं झालं तवा मी एक खुडलं, त्येंच्या हातावर ठिवलं. त्येन्नी त्येची नाडी बघितली न्हाई. तोंडात घातलं, चावलं, आन् तोंड वाकडं करून डोळे गच्च मिटले. पानी यायला लागलं, पुसलं न्हाई.

"अप्पा, कसं हाय?"

मला वाटलं, तेच म्हनतील.

"आंबट हाय," म्हनले अप्पा. "आंबट हाय."