बेल्टला एक इंच माया

आमच्या गाडीचा बेल्ट मी स्वतः बदलला. हे वाक्य आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचा मजकूर वाचल्यावर ते कुणाला खरं वाटणार नाही.

मी एका दैनिकात बातम्या तपासतो. बातमीदाराने दिलेला आकडा तसाच छापायचा नाही, हे माझं काम. सभेला पाच हजार लोक होते असं तो म्हणाला, की आधी मैदान केवढं ते विचारायचं आणि मग कात्री लावायची. अकरा वर्षांत माझ्या हातून चुकीचा आकडा छापून गेलेला नाही. अशा माणसाला रबराचा एक पट्टा भारी पडेल, असं तुम्हाला वाटतं का? मलाही नव्हतं वाटलं.

शनिवारी दुपारी गाडीने अशी किंकाळी फोडली की शेजारची मंडळी गॅलरीत आली. पाठोपाठ जळक्या रबराचा वास आला आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. मेकॅनिक घरी आला, बॉनेट उघडून पाहिलं आणि डॉक्टर चष्मा काढतात तसा हातातला फडका खांद्यावर टाकला.

"एसीचा कॉम्प्रेसर जाम झालाय, साहेब. हा बेल्ट चार चाकांवरून फिरतो. एक चाक अडून बसलं, म्हणून बेल्ट तुटला."

"मग आता?"

"नवा कॉम्प्रेसर टाकलात तर तो गाडीपेक्षा महाग पडेल. त्यापेक्षा त्याला वगळू. आखूड बेल्ट घ्यायचा आणि उरलेल्या तीन चाकांवर चढवायचा. एसी गेला, गाडी राहिली. मंगळवारी करून देतो. उद्या मेहुणीचं लग्न आहे, परवा तिची पाठवणी."

मंगळवार चालणार नव्हता. सोमवारी सकाळी आठ वाजता माझी बायको मुख्याध्यापिका म्हणून रुजू होणार होती. या खुर्चीसाठी तिने एकोणीस वर्षं वाट पाहिली होती. शाळा चाळीस किलोमीटर दूर, आणि पहिली बस तिथे साडेनऊला पोचते.

"पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका उशिरा आली, तर फाटकाबाहेर उभं कुणाला करायचं?" ती म्हणाली.

"तू काळजी करू नकोस. बेल्ट मी बदलतो."

तिने बसचं वेळापत्रक काढून टेबलावर ठेवलं.

रविवारी सकाळी नऊला आम्ही कामाला लागलो. प्रश्न एकच होता, नव्या बेल्टची लांबी किती? मापासाठी मी घरातलाच तज्ज्ञ बोलावला. माझे सासरे चाळीस वर्षं शिंपीकाम करून निवृत्त झाले, पण मनगटावरची टाचण्यांची उशी निवृत्त झालेली नाही. त्यांनी ती उशी काढून इंजिनातल्या एका लांब बोल्टला अडकवली, टेप तिन्ही चाकांवरून फिरवली आणि दुकानात देत तशी हाक दिली, "चाळीस!"

बायकोने कागदावर लिहिलं. मी कागद खिशात घातला आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरवरून सुट्या भागांच्या दुकानात गेलो. कागदावर एकोणचाळीस होतं. माझीच ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. सासऱ्यांचं माप मात्र मी ओळखून होतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचा माझा सूट त्यांनीच शिवला होता. त्यात मी आणि माझा धाकटा भाऊ एकदम मावलो असतो. मी एक इंच कापला आणि अडतीसचा बेल्ट मागितला. दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर मिलिमीटर काढून बेल्ट दिला.

बेल्ट दोन चाकांवर बसला. तिसऱ्याजवळ जाऊन थांबला, ताटकळला, पण चढेना.

"आखूड आहे," सासरे म्हणाले.

"तुम्हीच मापलंत, बाबा."

"मी मापलेलं कधी आखूड होत नाही, जावईबापू. कारण मी एक इंच माया सोडतो. कापड आटतं."

"रबर आटत नाही."

"तुम्ही धुऊन पाहिलंय?"

त्यांनी उशी पुन्हा बोल्टला अडकवली आणि पुन्हा माप घेतलं. आखूड झाल्याचा डाग लागलेला, म्हणून या वेळी त्यांनी दोन इंच माया सोडली. "एक्केचाळीस!" बायकोने एक्केचाळीस लिहिलं. मीही शहाणा झालो होतो. काहीही न कापता एक्केचाळीसचा बेल्ट आणला.

तो तिन्ही चाकांवर अगदी सहज बसला, आणि दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा लोंबू लागला.

बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दुकान दोनला बंद होणार होतं. मी वही उघडली आणि कचेरीत करतो तशी चौकशी सुरू केली.

"बाबा, पहिल्यांदा टेपवर खरा आकडा काय होता?"

"एकोणचाळीस. अधिक एक."

"आणि तू एकोणचाळीस का लिहिलंस? ते तर चाळीस म्हणाले."

बायको बॉनेटकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सवयीने. लहानपणापासून दुकानातली मापाची वही मीच लिहायचे. शर्ट ढगळ होतात अशी गिऱ्हाइकं कुरकुरायची. बाबांना वाईट वाटेल म्हणून मी एक इंच कमी लिहायचे."

सासऱ्यांच्या हातातली टेप सुटली आणि रेडिएटरवर पडली.

"किती वर्षं?"

"लग्न होईपर्यंत."

"तुझ्या लग्नानंतर कपडे सैल व्हायला लागले," ते म्हणाले. "मला वाटायचं, गिऱ्हाइकंच बारीक झाली."

"फिटिंग तुमचंच होतं, बाबा."

"एक इंच सोडून."

"एक इंच सोडून," ती म्हणाली.

त्यांनी टेप उचलली, पुसली आणि तिच्या हातात दिली. "आता तू माप घे. मी लिहितो."

तिने माप घेतलं. एकोणचाळीस. त्यांनी एकोणचाळीस लिहिलं, आणि त्यापुढे आकडा वाढवायला जागा राहू नये म्हणून आडवी रेघ मारली. मी दुकानात पोचलो तेव्हा शटर निम्मं खाली आलं होतं. मी वाकून आत शिरलो आणि एकोणचाळीसच मागितलं. न कापता.

तो बेल्ट बसवायला आम्हाला पाऊण तास लागला. तिने चाकाच्या कडेवर बेल्ट दाबून धरला, मी पान्याने चाक फिरवलं आणि सासऱ्यांनी "खेचा, खेचा, शिवण उसवणार नाही," असा धीर दिला. तंग उशीला अभ्रा चढावा तसा तो शेवटी चढला. तीन वाजून पाच मिनिटांनी गाडी सुरू केली. किंकाळी नाही, वास नाही, लाल दिवा नाही. तिघेही आपापल्या जागी चार बोटं उंच झालो होतो.

सोमवारी बायको वीस मिनिटं आधी शाळेत पोचली. घामाने भिजलेली, पण वीस मिनिटं आधी. फाटक तिनेच उघडायला लावलं.

मंगळवारी मी मुद्दाम गाडी मेकॅनिककडे नेली. काम नव्हतं. दाखवायचं होतं. त्याने बेल्ट दाबून पाहिला, मागच्या सीटवर पडलेले उरलेले दोन बेल्ट पाहिले आणि विचारलं, "तीन कशाला आणले?"

मी सगळं सांगितलं. त्याने पाना उचलला आणि एका लांब बोल्टला लावला. ज्या बोल्टला सासऱ्यांनी दोन्ही वेळा आपली उशी अडकवली होती, त्याच बोल्टला.

"हा फिरवला की हे चाक मागेपुढे सरकतं, साहेब. बेल्ट सैल करायला, ताणायला. तुमचं माप अचूक आहे, पण त्याची गरजच नव्हती. तिन्ही बेल्ट बसले असते."

घरी पोचलो तर सासरे दारातच उभे होते. मनगटावर उशी, मागे बायको.

"काय म्हणाला मेकॅनिक?"

"म्हणाला, तुमचं माप अचूक आहे."

सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. संध्याकाळभर दोघांचे चेहरे खुललेले होते.

अकरा वर्षांत मी चुकीचा आकडा कधी छापलेला नाही. वाक्यं मात्र कापलेली आहेत.